चाकांचा वैद्य

"गप. आधी त्याला बोलू दे."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. म्हणताना तो उजवा पंजा आडवा धरून समोरच्याचं तोंड बंद करायचा, डोळे मिटायचा आणि डावा कान पुढे करायचा. समोर हमाल असो, गार्ड असो, नाहीतर खुद्द यार्डाचा गोरा साहेब असो, पंजा सगळ्यांना सारखाच. आणि ज्याला बोलू द्यायचं ते असायचं मालगाडीचं चाक.

तुमच्यापैकी कोणी कल्याण स्टेशनाच्या आसपास राहिलं असेल तर अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. गाडी थांबली की एकजण लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेकडेने चालत जातो आणि प्रत्येक चाकावर एक टोला देतो. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं, तडा गेला असेल तर बद्द. एवढं तुम्हांआम्हांलाही कळेल. पण आमचा हा गृहस्थ तेवढ्यावर थांबत नसे. कोणत्या डब्याचा आस झिजलाय, कोणाच्या डब्याखालची लवचीक पोलादी कमान सैल झालीय, कोणाचं चाक रुळाची कड खातंय, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, आणि ते ठामपणे सांगायचा. 'बहुधा', 'असेल', 'बघू' हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. यार्डात सगळे त्याला वैद्य म्हणत. मीही तेच म्हणतो. खरं नाव लिहिलेलं त्याला आवडलं नसतं.

मी तेव्हा मालधक्क्यावर नवा कारकून होतो. इंग्रजी चार इयत्ता झालेल्या, डोक्याला पागोटं, काखेत छत्री, आणि आपल्यावाचून आगगाडी चालणार नाही अशी मनोमन खात्री. आगगाडी घाटावर पोचल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. कल्याणला रूळ फुटायचे, एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे, आणि दोन्हींच्या पुढे घाट. म्हणून घाट चढण्याआधी प्रत्येक मालगाडी आमच्याकडे तपासली जायची. मालाच्या उघड्या डब्याला दप्तरात ट्रक म्हणत. एका ट्रकात मीठ, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात सागाचे ओंडके, आणि वरून खाली येताना कापसाच्या गाठी. हा सगळा पसारा माझ्या कागदावर आणि त्याच्या कानावर चालायचा.

तो ठाण्याचा. खाडीकाठच्या ख्रिस्ती वस्तीतला, शेतीवाडी आणि मासेमारी करणाऱ्या घरातला. शेंडी नाही, गळ्यात दोऱ्यात ओवलेला लहानसा क्रूस, कमरेला कोळ्यासारखा रुमाल. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला 'रावसाहेब' म्हणायचा. त्यातली थट्टा मला पुष्कळ उशिरा कळली. माझ्या अरे-तुरेची लाज त्याहून उशिरा वाटली.

एकदा आमच्या घरच्या विहिरीचा रहाट कुरकुरायला लागला. सुतार झाला, लोहार झाला, आईने वाटीभर तेल ओतलं, पण कुरकुर हटेना. मी सहज त्याच्यापाशी बोललो तर तो दुसऱ्या दिवशी दारात हजर. आता आली पंचाईत. विहीर सोवळ्याची, आणि हा ख्रिस्ती. आई माजघरातून मला खुणा करायला लागली. त्याने ते ओळखलं असणार, कारण कुंपणाबाहेरूनच म्हणाला, "आत नाय यायचं मना. आईंना सांगा, एक घागर काढा."

आईने घागर काढली. याने पंजा आडवा धरला, डोळे मिटले.

"चाक निरोगी हाय. खांब हलतोय. डावा. बुडाशी पाचर मारा."

पाचर मारली आणि रहाट गप्प झाला. आई म्हणाली, "अगबाई, कुंपणापलीकडून कळलं याला!" आणि त्याला गूळपाणी दिलं, वरून, हात न लावता, ओंजळीत. तो प्यायला, तोंड पुसलं आणि हसत निघून गेला. मला त्या दिवशी त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी आहे.

एका उन्हाळ्यात कर्जतच्या बाजूने तक्रारी यायला लागल्या. कल्याणहून सुटलेले काही ट्रक वाटेत किंचाळतात. कुरकुरत नाहीत, चांगले किंचाळतात, गार्डाच्या डब्यात बसवत नाही. नेरळपर्यंत आवाज इतका वाढतो की ट्रक गाडीतून सोडवून बाजूला लावावा लागतो, आणि माल तिथेच अडकतो. दोन ट्रकांच्या पेट्यांतून तर धूर निघाला.

पेटी म्हणजे काय ते सांगून ठेवतो. चाकाच्या आसाचं टोक ज्यात फिरतं ती लोखंडी पेटी. तिला वर झाकण असतं. झाकण उघडून आत लोण्यासारखा घट्ट पिवळा गोळा भरायचा. चाक फिरलं की आस तापतो, गोळा थोडाथोडा वितळतो आणि आस भिजत राहतो. हा गोळा जनावराच्या चरबीचा. कोणत्या जनावराच्या, हे आमच्या यार्डात कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर निम्मं यार्ड घरी बसलं असतं.

तर या किंचाळण्यावर यार्डात ज्याची त्याची अक्कल चालू झाली. स्टेशनमास्तर म्हणाले, मीठ. मिठाचं पाणी झिरपतं आणि लोखंड खातं. फिटर म्हणाला, कमानी. साहेब म्हणाला, तुम्ही सगळे आळशी. वैद्याने तीन दिवस ते ट्रक यार्डात पुढेमागे ढकलून घेतले, टोले दिले, कान लावला. ट्रक मुकाट. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, "यो इथं बोलणार नाय. चालून दमला की बोलतो. रावसाहेब, आयतवारी मी त्याच्याबरोबर जातो."

आयतवारी म्हणजे रविवारी त्याचं देऊळ असायचं. सकाळची पहिली गाडी धरून तो ठाण्याला जायचा, ते कधी चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. शिवाय ट्रकात माणसाने बसायची परवानगी नव्हती. त्याने तोडगाही काढला होता. मिठाच्या ट्रकाबरोबर कागद घेऊन कारकुनाने कर्जतपर्यंत जायचं, आणि कारकुनाबरोबर एक माणूस.

"कोणता कारकून?" मी विचारलं.

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

अशा रीतीने मी, इंग्रजी चार इयत्ता शिकलेला इसम, वैशाखाच्या उन्हात मिठाच्या गोण्यांवर छत्री उघडून बसलो. एंजिनाचा कोळसा डोळ्यांत, मीठ धोतरात, आणि पागोटं मांडीवर घट्ट धरलेलं. आमचे वैद्यबुवा मात्र ट्रकाच्या फळ्यांवर पालथे पडले होते. कान फळीला लावलेला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं समाधान की हा माणूस देवळातच गेलाय असं वाटावं.

बदलापूर आलं. काही नाही. मी म्हणालो, "अरे, फुकटची वारी..."

पंजा आडवा आला.

बदलापूर सोडून थोडं पुढे गेलो आणि आवाज सुरू झाला. आधी बारीक, मांजराच्या पिल्लासारखा, मग वाढत वाढत दातांत शिरणारा. मी कान झाकले. तो मात्र उठून बसला आणि मला ओरडून समजावायला लागला. चाकाच्या फेऱ्याबरोबर आवाज तुटत तुटत आला असता तर चाक वाकडं. रुळांच्या सांध्यावर आला असता तर कमान. वळणावर आला असता तर चाकाची कड. "यो तुटत नाय. सांधा बघत नाय, वळण बघत नाय. एकसारखा वाढतोय. म्हणजे पोट कोरडं हाय याचं." मग बोटं वर करून म्हणाला, "मागची जोडी. डावं पोट."

"पण पेट्या तर कालच भरल्या. मी स्वतः कागदावर टिंब केलं."

"कागद काय बोलतो ते तुम्ही ऐका. मना हे ऐकू येतंय."

नेरळला गाडी पाण्यासाठी थांबली. तो उडी मारून खाली गेला. मागच्या जोडीच्या डाव्या पेटीचं झाकण रुमालाने धरून उघडलं, इतकी ती तापली होती. आत चरबीचा गोळा नव्हता. तळाशी काहीतरी पातळ, काळपट, चमचाभर उरलेलं. त्याने बोट बुडवलं, फुंकर घातली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"रावसाहेब, वास घ्या."

मी दोन पावलं मागे सरलो.

"चरबी नाय यात. बिनघोर घ्या. तुमच्याच घरची वस्तू हाय."

मी वाकलो. आणि त्या तापलेल्या लोखंडातून मला आमच्या स्वयंपाकघराचा वास आला, संक्रांतीच्या सकाळचा. तिळाचं तेल! घाण्यावरचं, चांगलं, खायचं तिळाचं तेल.

 पेट्या भरायचं काम कर्जतच्या बाजूच्या रुळांवर एकाच माणसाकडे होतं. रखमाजी. जुन्नराकडचा, घाट उतरून आलेला, आमच्या यार्डातला सगळ्यांत जुना तेलवाला. कोणाच्या अध्यात ना मध्यात. महिनाभरापूर्वीच त्याने गळ्यात तुळशीची माळ घातली होती, हे मला माहीत होतं. वैद्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुटीत वैद्य रखमाजीच्या कोठारात गेला. मलाही घेऊन गेला. रखमाजी चरबीच्या पिंपाशेजारी बसला होता. वैद्याने हातातली भाकरी पिंपावर ठेवली आणि विचारलं, "कवापासून?"

रखमाजीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "अखितीपासनं."

"पिंपातली चरबी कुठं जाते मग?"

"फावड्यानं उचलून राखंच्या ढिगामागं पुरतो. रोज."

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. गेल्या वर्षीच्या पटकीत त्याची दोन मुलं गेली. धाकटी मुलगीही चालली होती. तिच्या उशाशी बसून त्याने देवाला सांगितलं, ही एवढी ठेव, मी माळ घालीन, मांसमच्छीला हात लावणार नाही. मुलगी उठून बसली. यंदाच्या अखितीचा मुहूर्त धरून त्याने माळ घातली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आला तर हातात चरबीचा डबा.

"सांगा रावसाहेब, म्या काय करायचं? काम सोडू तर घरात सहा तोंडं. हात लावू तर... तिनं शिंक जरी दिली तरी माजं काळीज हलतं." त्याने डोळे पुसले. "गावाकडं गाडीच्या चाकाला आमी तेलच घालतो की. चरबी कोन घालतंय?"

"त्या तेलात काजळी घोटता ना?" वैद्याने विचारलं.

"व्हय."

"यात घातली?"

"न्हाई. साहेबाला काळं दिसलं असतं."

एवढीच चूक होती पाहा. बैलगाडीच्या वंगणात काजळी घोटलेली असते म्हणून तेल जागचं हलत नाही. याने साहेबाच्या भीतीने नुसतं तेल ओतलं. घट्ट गोळ्यासाठी केलेली पेटी, तिच्यात पातळ तेल किती टिकणार? चार-पाच कोसांत सगळं गळून जायचं. ज्या पेट्यांत जुनी चरबी शिल्लक होती ते ट्रक गप्प, ज्यांच्या रिकाम्या होऊन नव्याने भरल्या तेवढे किंचाळत. आणि माणूस मात्र घरच्या फोडणीचं तेल मुलांच्या तोंडचं काढून रेल्वेच्या चाकांना घालत होता.

माझं मन भरून आलं. मला वाटलं, वैद्याचंही आलं असेल. पण तो उठला आणि रखमाजीवर असा ओरडला की बाहेरचे हमाल आत डोकावले.

"आणि घाटात आस मोडला असता तर? मागचे डबे खाली सुटले असते तर? गार्डाला पोरं नाय? तुझी एक वाचवायला देवाने माळ दिली, दुसऱ्याची मारायला नाय दिली!"

 वैद्याने बाह्या वर केल्या, पिंपात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि चरबीचा डबा भरला. त्या दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्याने रखमाजीच्या रुळांवरची एकूण एक पेटी स्वतः पुसली आणि स्वतः भरली. रखमाजी मागोमाग झाकणं उघडत चालला होता. 

पण साहेब काही गप्प बसणारा नव्हता. धूर निघालेल्या ट्रकाची पेटी त्याच्याकडेही आली होती आणि नाक त्यालाही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिघांना बोलावलं. वैद्याला, रखमाजीला, आणि मला, दुभाष्या म्हणून. साहेबाला मराठी येत नव्हतं, या दोघांना इंग्रजी येत नव्हतं. मधे मी.

साहेबाने टेबलावर हातोडी ठेवून घेतली, वैद्याची. विचारलं, आवाजाचं कारण सापडलं का?

"सापडलं. पेटीत चरबी नव्हती. तेल होतं."

मी सांगितलं.

कोणी घातलं?

रखमाजीचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. त्याने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो ओळखीचा पंजा त्याच्या तोंडासमोर आडवा झाला.

"मी," वैद्य म्हणाला.

 माझ्या जिभेला इंग्रजीच येईना. साहेब माझ्याकडे बघतोय, रखमाजी माझ्याकडे बघतोय. खरं काय ते मला माहीत होतं, नोकरी मलाही होती, आणि खोटं भाषांतर तरी मी केलं नसतं. पण हे भाषांतर खरं होतं, बोलणं खोटं होतं. असा पेच कोणत्याही इयत्तेत शिकवत नाहीत.

"सांगा, रावसाहेब," तो शांतपणे म्हणाला. "एवढं अवघड इंग्रजी नाय ते."

मी सांगितलं.

साहेब लाल झाला. का घातलं, म्हणून टेबलावर मूठ आपटली. वैद्य म्हणाला, "उन्हाळ्यात चरबी लवकर वितळते. वाटलं, तेल चालेल. याच्या नकळत मीच ओतलं. चुकलं माझं."

'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला. साहेबानेही. ज्याच्या एका शब्दावर तो अख्खी गाडी घाटात सोडायचा तो माणूस 'चुकलं' म्हणतोय, हे त्यालाही पेललं नाही.  मग त्याने निकाल दिला. याला हातोडी नको. ज्याला पेटीत काय घालावं कळत नाही त्याने आता रोज पेट्याच भराव्यात, दुसऱ्याच्या नजरेखाली. चरबीचा डबा याच्या हातात द्या. आणि हातोडी जो सगळ्यांत जुना असेल त्याला. सगळ्यांत जुना कोण?

मी रखमाजीकडे बोट दाखवलं. 

बाहेर आल्यावर मी वैद्यावर तुटून पडलो. वेडा झालास का, हातोडी गेली, मान गेला, आणि साहेबाने हाकलून दिलं असतं म्हणजे? तो पिंपळाखाली बसला.

"हाकलत नाय. त्याला कान हवा हाय, आणि यार्डात कान एकच हाय. चिडला की साहेब माणसाला घाणीत घालतो. रखमाजीची घाण त्याने मना दिली. दुसरं काय हवं होतं?"

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. चाकापेक्षा साहेब सोपा."

असं म्हणून त्याने विडी काढली. पेटवायला गेला तर काडी विझली. दुसरी विझली. वारा नव्हता. तिसरी मी पेटवून दिली. मला तेव्हा त्याची इतकी माया आली की मी पहिल्यांदाच त्याला 'अहो' म्हणालो. त्याने लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं कल्याण यार्डात एक जोडी दिसायची. ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. पुढे रखमाजी, गळ्यात माळ, हातात हातोडी. मागे तो, हातात चरबीचा डबा. रखमाजी टोला द्यायचा आणि थांबायचा. मागून "हं" आलं की पुढे. "गप, बोलू दे" आलं की दोघे थांबायचे, आणि मग मागून हळूच यायचं, "खडूची फुली मार." रखमाजी फुली मारायचा. त्याला शेवटपर्यंत चांगलं चाक आणि वाईट चाक ऐकून ओळखता आलं नाही. एकदा घाटावरच्या मोठ्या साहेबाने तडा गेलेलं चाक वेळेत धरलं म्हणून रखमाजीची सगळ्यांसमोर पाठ थोपटली. रखमाजी रडायलाच लागला, खरं सांगतो म्हणाला. मागून वैद्याने त्याच्या पायावर पाय दिला.

वैद्याला विचारलं तर तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "हात माझे, माळ त्याची, कान देवाचा. यार्ड चालतंय ना?"

चरबीचा वास काही सुखाचा नव्हे. तो अंगाला चिकटतो, साबणाने जात नाही. हमाल त्याच्या शेजारी बसेनात. ठाण्याला देवळातही लोक त्याला मागचं बाक देतात, असं तो हसत सांगायचा. आणि एक मी माझ्या डोळ्यांनी रोज पाहिलं. दुपारी रखमाजी भाकरी सोडायला बसला की हा आधी बोट जिभेवर ओलं करून वर धरायचा, वारा कुठला आहे ते बघायचा, आणि वास रखमाजीकडे जाणार नाही अशा बाजूला दूर जाऊन बसायचा. तिथून दोघे ओरडून ओरडून गप्पा मारायचे. रखमाजीच्या मुलीचं लग्न ठरलं ते सगळ्या यार्डाने असंच ओरडून ऐकलं.

त्या लग्नाला तो गेला होता. मांडवाबाहेर उभा राहिला. रखमाजीने हाताला धरून आत ओढलं तर म्हणाला, "वास येतो रे माझा. पोरीचं लग्न हाय." आणि बाहेरूनच अक्षता टाकल्या. मी तेव्हा आत, पाटावर बसलो होतो. उठून त्याच्याशेजारी जाऊन उभं राहावं असं मनात आलं. आलं आणि गेलं. ते मी विसरलेलो नाही.

पावसाळ्यानंतरच्या एका तापात तो गेला. सुटी घेऊन ठाण्याला गेला, दोन आठवड्यांनी त्याच्या भावाचा निरोप आला. आम्हांला मातीलाही जाता आलं नाही. साहेब तोवर तिसरा आला होता. त्याने दोनच दिवसांत मला विचारलं, हा हातोडीवाला हल्ली प्रत्येक चाकापाशी इतका वेळ का उभा राहतो? मी काय सांगणार? रखमाजी टोला द्यायचा आणि मागे वळून बघायचा. आठवडाभराने त्याने आपण होऊन हातोडी परत केली आणि फाटकावर रखवालीचं काम मागून घेतलं.

कार्तिकाच्या सुमारास ख्रिस्ती लोकांचा एक दिवस असतो. त्या दिवशी ते आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. रखमाजीला ते कुठून कळलं कोण जाणे. सकाळीच माझ्या दारात आला. "रावसाहेब, चला."

आम्ही ठाण्याला उतरलो. तळ्याकाठच्या त्यांच्या देवळामागे गर्दी होती, नऊवारीतल्या बायका, फुलं, पोरंबाळं. त्याच्या भावाने थडगं दाखवलं. अजून ओली माती आणि एक लाकडी क्रूस. दाराशी एक म्हातारी मेणबत्त्या विकत होती. त्या कसल्या मेणबत्त्या, स्वस्तातल्या, पिवळट, हातात घेतल्यावर बोटाला चिकटणाऱ्या. वास मला लांबूनच कळला. सगळी यार्डातली वर्षं त्या वासात गेलेली.

मी पटकन म्हणालो, "रखमाजी, तू थांब. मी लावतो."

"न्हाई," तो म्हणाला.

त्याने ती चरबीची बत्ती हातात घेतली. थडग्यापाशी बसून पेटवली. खाडीवरून वारा येत होता, ज्योत टिकेना, म्हणून त्याने दोन्ही हातांची ओंजळ तिच्याभोवती धरली. वितळलेली चरबी त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळत होती. गळ्यात माळ तशीच होती.

"हात पोळेल रे," मी म्हणालो.

"पोळू द्या."

बत्ती सगळी जळेपर्यंत तो तसाच बसला. मग उठला आणि आम्ही स्टेशनाकडे निघालो. वाटेत तळ्याच्या पायऱ्यांशी मी मुद्दाम थांबलो, त्याला हात धुता यावेत म्हणून. तो थांबला नाही.